बॅटरी काढली की तारीख जाते

पुनम : आधी ती सोल्डरिंग गन खाली ठेव. कुरुंद्याहून दोन गाड्या बदलून सेनगावला आले मी, तुझ्या पाठीशी बोलायला नाही आले.

ओमप्रकाश : बोल की. कान मोकळे हायेत, हात गुंतलेत.

पुनम : तो बदल तू केलास का?

ओमप्रकाश : कोणता बदल? दिवसाला चाळीस फोन उघडतो मी, मॅडम.

पुनम : मॅडम म्हणू नकोस. हिंगोलीला पॉलिटेक्निकमध्ये एका वर्गात होतो आपण. तेव्हा पुने म्हणून हाक मारायचास.

ओमप्रकाश : तवा तू गिऱ्हाइकांसमोर वरडत न्हवतीस.

पुनम : दुकानात काळं कुत्रं नाही. सरळ सांग. आपल्या ब्राउझरमध्ये ओळख तपासण्याचा जो भाग होता, तो माझ्या नावानं, माझा पासवर्ड टाकून, तू काढलास. हो की नाही?

ओमप्रकाश : आपला म्हणलीस. बरं वाटलं. पेपरात बातमी आली तवा एकटीचा होता.

पुनम : विषय बदलू नकोस.

ओमप्रकाश : विषय हाच हाय. "कुरुंद्याच्या कन्येनं साध्या बटनाच्या फोनावर आणलं इंटरनेट." फोटो तुझा. सहाशे फोनात केबल लावून एक-एक करून टाकला कोणी? बस्वाडीच्या वाटेवरच्या म्हातारीला दोन दाबलं की वर, आठ दाबलं की खाली, हे दहादा शिकवलं कोणी? माझं नाव त्यात कुठंच न्हवतं.

पुनम : बातमी मी लिहिली नव्हती. आणि चौदा महिने पुण्यातली नोकरी सांभाळून कोण कापत बसलं होतं तो ब्राउझर? जगभरच्या लोकांनी फुकट लिहून ठेवलेला, कोणीही घ्यावा न् बदलावा असा, पण कॉम्प्युटरसाठी. या डबड्या फोनांची मेमरी चिमूटभर. चित्रं काढली, जाहिराती काढल्या, मराठी अक्षरं कोंबून बसवली. एकेक ओळ माझ्या नावानं आहे तिथं. आता तीच ओळ दाखवून ते लोक मला चोर म्हणताहेत.

ओमप्रकाश : कोण म्हणतंय चोर?

पुनम : हे बघ. छापून आणलंय. प्रकल्प सांभाळणाऱ्यांची मेल. "पुनम, तुझ्या नावानं एक बदल झालाय. त्यानंतर हा ब्राउझर कोणत्याही पानाची ओळख विचारत नाही. कुणीही मधे बसून खोटं पान खरं म्हणून दाखवू शकतं. हे अनवधानानं झालेलं दिसत नाही. आज संध्याकाळपर्यंत खुलासा नाही आला, तर तुझं सगळं काम आम्ही काढून टाकू." सगळं, ओम. चौदा महिने.

ओमप्रकाश : मग दे की खुलासा.

पुनम : द्यायलाच आलेय. समोर कॉम्प्युटर आहे. तुझ्या नावानं खातं उघडायचं आणि लिहायचं, बदल मी केला, पुनमला न विचारता केला. चार ओळी. मी इंग्रजी करून देते.

ओमप्रकाश : न्हाई लिवत.

पुनम : म्हणजे केलास.

ओमप्रकाश : केला. तोंडानं म्हणतो, केला. लिवून देणार न्हाई.

पुनम : काहून?

ओमप्रकाश : अरे वा! पुण्याचं पाणी उतरलं. काहून विचारून राहिली! सांगतो काहून. उद्या काही उलटं-सुलटं झालं की पोलिस ते लिवलेलं बघतील. नाव काय, ओमप्रकाश वसराम राठोड. राहणार? तांडा. बास. म्होरं वाचायची गरजच राहत न्हाई त्याईला. माझ्या आज्याला गावात बैल हरवला तरी उचलून नेत होते. तुझ्या बापाच्या ओसरीवर येऊन चहा पितील न् जातील.

पुनम : माझ्या बापाला मधे आणू नकोस.

ओमप्रकाश : मंग माझ्या लिवण्याला बी आणू नको.

पुनम : पण केलास कशाला? तुला पासवर्ड दिला होता तो फॉन्टची दुरुस्ती टाकायला. विश्वासानं दिला होता.

ओमप्रकाश : ह्या पेट्या दिसतात? ह्या खालच्या?

पुनम : बॅटऱ्या आहेत.

ओमप्रकाश : शंभर हायेत. दररोज येतात. तांड्यावर लाईट येते तवा माणसं रानात, माणसं घरी येतात तवा लाईट न्हाई. म्हणून लोक फोन घरी ठिवतात न् बॅटरी तेवढी जीपवाल्यापाशी धाडतात. मागं नेलपॉलिशनं नाव. हितं चिमट्याच्या चार्जरला लावतो, दुपारच्या जीपनं परत. माहीत हाय तुला हे?

पुनम : माहीत आहे.

ओमप्रकाश : न्हाई माहीत. बॅटरी निघाली की फोनची तारीख जाते. परत टाकली की फोन म्हणतो, एक जानेवारी दोन हजार सात. चौदा साल चालू हाय आन फोन सात सालात बसलाय. आन तुझा तो शहाणा ब्राउझर सरकारी पान उघडायला गेला की म्हणतो, ह्या पानाचं ओळखपत्र अजून सुरूच झालेलं न्हाई, उघडत न्हाई. दररोज! सहाशे फोन! दुकानासमोर जत्रा. "ओम, तुझं नेट मेलं. ओम, तू फसवलं."

पुनम : फोनात तारीख टाकायला शिकवायचं.

ओमप्रकाश : दररोज सकाळी? म्हातारी माणसं तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात बघतात, फोनात न्हाई. तू कवा बसलीस तांड्यावर दिवसभर? तुझा फोन पुण्यात टेबलावर, चार्जरला लावलेला. त्याची बॅटरी कवा निघालीच न्हाई. तुला दिसंल कसं?

पुनम : मला सांगायचं होतंस.

ओमप्रकाश : नऊ फोन केले. नऊ. मोजून. एकदा उचलला तवा म्हणलीस, "मीटिंगमध्ये आहे, पुढच्या आवृत्तीत बघू." तीन आठवडे झाले. कसली आवृत्ती, लोक माझ्या तोंडावर थुंकून राहिले हितं. मंग मी शोधली ती जागा. आकडा एकचा शून्य केला. पानं उघडली. माझी अब्रू राहिली.

पुनम : आकडा एकचा शून्य! एसटीत पासवरची तारीख चुकीची दिसली म्हणून तू कंडक्टरच खाली उतरवून दिलास. आता कुणीही चढावं, कुठंही बसावं. तारखेपुरतं सोडवता आलं असतं, ओम. फोनची तारीख जुनी वाटली तर ब्राउझरनंच विचारायचं, आज तारीख काय? पंधरा-वीस ओळींचं काम होतं.

ओमप्रकाश : मंग लिवायच्या होत्या पंधरा-वीस ओळी! कोणी हात धरला होता?

पुनम : कोणीतरी आलंय.

ओमप्रकाश : कोणी न्हाई, मिना हाय. आमची धाकटी. ये आत. एवढा येळ? जीप तर कवाच आली.

मिना : याडीनं भाकरी थापेस्तोवर थांबले. हा डबा. ह्या बॅटऱ्या. भिकाबाईची फुगली म्हणत होती, बघा म्हणली.

ओमप्रकाश : आईचा डबा ठिव तिथं. न् लगेच उलटी जा. उनात फिरू नको, रविवारी पाव्हणे यायचेत.

पुनम : मिना? केवढी झालीस गं! बारावीला सायन्स होतं ना तुझं? नर्सिंगला गेली असशील.

ओमप्रकाश : न्हाई गेली. साखरपुडा हाय रविवारी.

पुनम : एवढ्यात? मार्क चांगले होते म्हणे.

ओमप्रकाश : मार्क असून काय करता? तोंड खोटं असल्यावर? फॉर्म भरला म्हणून सांगितलं बाला. मी सोता हिंगोलीला गेलो कॉलेजात, त्याईचं सगळं रजिस्टर बघितलं, हिचं नावच न्हाई. मुदत गेलेली. चार लोकांत माझा चेहरा पडला. बा म्हणला, खोटं बोलती पोरगी, हिला बाहेर ठिवण्यात मतलब न्हाई. मी बी म्हणलो, बराबर हाय.

मिना : मी जाते, दादा.

पुनम : थांब जरा. फॉर्म कशावर भरला होतास, मिना?

ओमप्रकाश : तिला काहून विचारतीस? भरलाच न्हाई म्हणून सांगून राहिलो ना!

पुनम : तू गप. ही मेल आली ना, ती उगीच नाही आली. त्याच्या मागं काय झालं ते तुला सांगितलंच नाही मी अजून. माझ्या शेजारची शिला. तिच्या आईनं गेल्या महिन्यात आमच्या दारात येऊन मला शिव्या घातल्या. शिलानं नर्सिंगचा फॉर्म फोनवर भरला, पावतीचा नंबर आला, आणि कॉलेजात फॉर्मच नाही. मला वाटलं, चुकली असेल. मग हट्ट्याची एक निघाली. मग वसमतच्या दोघी. कॉलेजातल्या एका बाईंनी यादी केली. अकरा पोरी. अकराही जणींच्या फोनात आपला ब्राउझर. आणि अकराही फोनांत ते फुकट नेटचं सेटिंग.

ओमप्रकाश : मंग? ते तर सगळ्यांच्या फोनात हाय.

पुनम : ते सेटिंग म्हणजे सगळं नेट एका भलत्या माणसाच्या मशीनमधून जातं. पोरगी कॉलेजचं पान मागते, तो मधल्यामधे आपलं पान देतो. अगदी तसंच दिसणारं. नाव, आधार नंबर, फोन नंबर, सगळं भरून घेतो, खोटा पावती नंबर देतो आणि ती माहिती कुठं कुठं विकतो. साध्या कुठल्याही ब्राउझरनं तिथंच ओरडून सांगितलं असतं, हे पान खरं नाही. आपला गप्प बसला. कारण तू त्याला गप्प बसवलं होतंस.

ओमप्रकाश : हे तुझं अंदाजपंचे हाय.

पुनम : अंदाज नाही. हा शिलाच्या पावतीचा नंबर. एच एन, मग सात आकडे. कॉलेजचा खरा नंबर असा नसतोच, तो नुसता आकड्यांचा असतो. अकराही जणींचा असाच.

मिना : ताई.

पुनम : काय गं?

मिना : अकरा न्हाई. बारा.

ओमप्रकाश : काय बडबडतीस?

मिना : हा बघा. हॉलतिकिटाच्या मागं लिवून घेतला होता मी. एच एन, चार, शून्य, शून्य, दोन, सहा, एक, नऊ. आठ महिने झाले, हितं पाकिटातच हाय.

ओमप्रकाश : आण इकडं.

मिना : लांबूनच बघा. फाडसाल तुमी. मागल्या वक्ती बी फाडायला निघाला होतात.

ओमप्रकाश : मिना...

मिना : हिंगोलीहून आलात त्या दिवशी हाच कागद दाखवत होते मी. तुमी म्हणलात, आकडे कोणाला बी लिवता येतात.

ओमप्रकाश : पण तू... ते फुकट नेटचं भंगार सेटिंग तुझ्या फोनात काहून टाकलंस तू? अं? कोणी सांगितलं होतं?

मिना : तुमीच टाकलं, दादा.

ओमप्रकाश : मी?

मिना : बसस्टँडवरच्या माणसाकडून शिकून आलात. पयल्यांदा माझ्या फोनात टाकून बघितलं. चाललं म्हणून मंग सगळ्या तांड्याला दिलं.

पुनम : ते पण तूच? सहाशे फोनांत?

ओमप्रकाश : लोकापाशी बॅलन्स नसतो! पान उघडून काय करता, पैसे कटले की लोक मलाच... मला काय ठाऊक तो मधी बसून असं करून राहिला? मला कोण शिकवणार होतं? दुसऱ्या वर्षाला सोडलं मी पॉलिटेक्निक, बा सोबत ऊसतोडीला न्हेत होता. तू शिकलीस ना? तुला ठाऊक होतं ना? मंग फोन उचलायचा होता!

पुनम : माझ्यावर ढकलू नकोस.

ओमप्रकाश : ढकलणारच! एकचा शून्य केल्यावर तीन दिवसांनी तुझा मेसेज आला. "पानं उघडताहेत म्हणे. ग्रेट." बघितलं न्हाईस काय केलं ते? तुझ्याच नावानं होतं की!

पुनम : नाही बघितलं.

ओमप्रकाश : काहून?

पुनम : कटकट मिटली असं वाटलं. दुकानदाराची कटकट. बास? ऐकलंस? आता लिही.

ओमप्रकाश : दुकानदार.

पुनम : हो. तसंच वाटायचं मला तेव्हा. तुला चोर म्हणायला आले होते आणि ते म्हणणारच. पण फोन नऊ वेळा वाजला हेही खरंय. मी माझ्या नावानं लिहिते ते. मला सांगितलं होतं, मी लक्ष दिलं नाही. तू तुझं लिही.

ओमप्रकाश : न् पोलिस?

पुनम : आले तर येऊ देत. मी इथं असेन. माझं नाव वर लिहीन, तुझं खाली.

ओमप्रकाश : तुझ्या नावाला कोणी हात लावत न्हाई, पुने. वर असो की खाली. तू आज भांडून जीपमधी बसशील. मी हितं राहणार. उद्या सहाशे माणसं ह्या काउंटरवर. "तूच टाकलं, तूच फसवलं." ज्याच्या त्याच्या पोरीचं, सुनेचं आधार कुठं कुठं गेलं, मी काय सांगू? मला इंजिनेर म्हणतात तांड्यावर. बाला त्या नावानं वळखतात.

पुनम : म्हणून बारा पोरी खोट्या ठरू द्यायच्या? कॉलेजातल्या बाई म्हणाल्या, फसवणूक कशी झाली ते लेखी मिळालं तर त्या वरपर्यंत मांडतील. गेलेली मुदत परत देणं त्यांच्या हातात नाही, पण पुढच्या वर्षी या पोरींना आधी विचारतील. लेखी हवंय. ब्राउझरमध्ये काय बदललं, कधी बदललं, सेटिंग कुठून आलं. हे तुझ्याशिवाय कुणाला लिहिता येत नाही.

ओमप्रकाश : म्हणजे आता तुझ्या नावाचं न्हाई, पोरींचं झालं. सोयीनं बदलतीस.

पुनम : माझ्या नावाचं पण आहे. खोटं कशाला बोलू? माझ्या नावासाठीच आले मी. हिला बघून लाज वाटली, एवढंच.

ओमप्रकाश : मिना, तू तवा जोरानं काहून न्हाई बोललीस? पाय धरायचे, रडायचं, काही तरी करायचं! मी काय वैरी हाय का तुझा?

मिना : तीनदा सांगितलं. एकदा तुमाला, एकदा बाला, एकदा याडीला. याडी म्हणली, तुझा भाऊ फोनमधलं सगळं जाणतो, तो न्हाई म्हणतो म्हणजे न्हाई. मला बी वाटायला लागलं होतं, मीच कुठं तरी चुकीचं बटन दाबलं. सहा महिने रोज आठवत होते, काय दाबलं, काय दाबलं.

ओमप्रकाश : बास कर.

मिना : बास केलंच होतं मी.

पुनम : ओम, पावणेचार झाले. साडेपाचपर्यंत पाठवायचंय.

ओमप्रकाश : घाई करू नको. ऐकलं.

पुनम : मग?

ओमप्रकाश : चालू कर ते मशीन. खाली बटन हाय, जोरानं दाब, अडकतं. इंग्रजी करताना माझं एक बी अक्षर गाळायचं न्हाई. गोडगोड करायचं न्हाई.

पुनम : नाही करत.

ओमप्रकाश : न् बॅटरीचं लिवायचं. पयलं वाक्य तेच. लोक बॅटरी काढतात हे त्या गोऱ्या लोकायलाबी कळू दे. त्याईच्यातल्या एकानं बी इचारलं न्हवतं.

पुनम : लिहिते. आणि तुझ्यावर माझा राग गेला असं समजू नकोस.

ओमप्रकाश : माझा बी गेला न्हाई. आज झालं की परत दुकानात पाय ठिवू नको.

पुनम : नाही ठेवणार. सांग. "मी, ओमप्रकाश वसराम राठोड..."

ओमप्रकाश : थांब. मिना, तू जा घरी. बाला काही सांगू नको अजून. मी येऊन सांगतो. रविवारचं बी मीच बघतो.

मिना : मागल्या वक्ती बी तुमीच येऊन सांगितलं होतं.

ओमप्रकाश : मंग काय म्हणणं हाय तुझं?

मिना : काही न्हाई. लिवून झालं की संगंच जाऊ. माझ्यासमोर सांगा बाला.

ओमप्रकाश : येळ लागंल इथं. जीप जाईल.

मिना : जाऊ द्या. वर्षच गेलं माझं, जीपचं काय घेऊन बसलात. तुमी लिवा, मी बसते.